क्लोविस मकसूद : अरब लीगचा दिल्लीतला आवाज

अरब राष्ट्रवाद म्हटलं की आपल्याकडे इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांचं नाव निघतं आणि विषय तिथेच थांबतो, पण त्याच विचारासाठी जन्मभर बोलत राहिलेला एक माणूस १९६१ ते ६६ आपल्या दिल्लीत होता हे फार कमी जणांना माहितीये. क्लोविस मकसूद, अरब लीगचे म्हणजे अरब देशांच्या संघटनेचे भारतातले प्रतिनिधी. जन्म १९२६, अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये, घर लेबनीज ख्रिश्चन, लहानाचे मोठे झाले लेबनॉनमध्ये, मग बैरुत, वॉशिंग्टन, ऑक्सफर्ड असं शिक्षण.

ख्रिश्चन आणि अरब राष्ट्रवादी, हे कसं? अरबीत दोन शब्द आहेत, वतनिया आणि कौमिया. वतन आणि कौम आपल्या कानावरचेच, वतनदारीमुळे वतन तर मराठीत पार मुरलाय. वतनिया म्हणजे आपापल्या देशावरचं प्रेम आणि कौमिया म्हणजे अरबी बोलणारे सगळे एक, मग धर्म कुठलाही असो. लेबनॉनमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया अशी पंथावर खुर्च्यांची वाटणी, तिथल्या तरुणाला कौमियाचं आकर्षण वाटणारच ना. मकसूद तरुणपणी लेबनीज नेते कमाल जुंबलात यांच्या समाजवादी पक्षात होते.

ते दिल्लीत आले ते वर्ष बघा. सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त देशांची पहिली परिषद, नेहरू आणि नासर दोघंही तिथे, आणि त्याच महिन्यात सीरिया नासरच्या संयुक्त अरब प्रजासत्ताकातून, म्हणजे इजिप्त आणि सीरिया मिळून झालेल्या देशातून, फुटून बाहेर पडला. डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला, त्याच्या बाजूने ७ मतं आणि विरोधात ४, म्हणजे सोव्हिएत युनियन, सिलोन, लायबेरिया आणि नासरचं प्रजासत्ताक, शेवटी सोव्हिएत व्हेटोने तो पडला. गोव्याच्या इतिहासात हे अरब मत आपण आठवणीने सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दिल्लीनंतर कैरो, तिथल्या अल-अहराम दैनिकात संपादकीय काम. सुरुवात १९६७ ला, आणि त्याच जूनमध्ये सहा दिवसांत सिनाई, गाझा, वेस्ट बँक, गोलान सगळं इस्रायलच्या हाती गेलं. अरब एकीच्या स्वप्नाला बसलेला तो घाव कधी भरलाच नाही.

तरी १९७९ मध्ये मकसूद परत उभे राहिले, अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रांत अरब लीगचे राजदूत म्हणून. आणि वेळ कसली, तर इस्रायलशी करार केला म्हणून इजिप्तलाच लीगमधून निलंबित केलेलं, मुख्यालय कैरोहून ट्युनिसला हललेलं. लीगची अडचण तिच्या १९४५ च्या सनदेतच होती, कलम ७ सांगायचं की एकमताने झालेला निर्णय सगळ्यांना बंधनकारक, पण बहुमताने झालेला फक्त मान्य करणाऱ्यांनाच. म्हणजे राजदूताने सगळ्यांच्या वतीने बोलायचं तरी काय? वर लीगला संयुक्त राष्ट्रांत फक्त निरीक्षकाचा दर्जा, मत नाहीच, जे काय करायचं ते शब्दांनीच. अशी अकरा वर्षं त्यांनी काढली, १९८२ चा बैरुतवरचा इस्रायली हल्ला, साब्रा-शतिला इथल्या पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड, पहिला इंतिफादा म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, सगळं अमेरिकन लोकांना समजावत.

२ ऑगस्ट १९९० ला इराकच्या सद्दाम हुसेनने कुवेत घेतलं, एका अरब देशाने दुसरा गिळला. कैरोच्या तातडीच्या बैठकीत जेमतेम १२ देशांनी सैन्य पाठवायच्या ठरावाला होकार दिला, बाकी फुटले. मकसूद यांनी राजीनामा दिला.

पुढे ते वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत शिकवत राहिले. १५ मे २०१६ ला वॉशिंग्टनमध्येच वारले, पॅलेस्टिनी लोक नकबा म्हणजे १९४८ मधल्या आपल्या विस्थापनाचा दिवस पाळतात त्याच दिवशी.