हौशी रॉकेट : प्रणोदनाचे प्रकार

प्रणोदन म्हणजे रॉकेटला पुढे ढकलणारी यंत्रणा. हौशी मंडळी तिला सरळ मोटर म्हणतात, द्रव इंधनाची असेल तर इंजिन. आत काय भरलंय आणि ते कुठल्या अवस्थेत आहे यावरून घन, संकरित म्हणजे हायब्रिड, द्रव आणि ज्यात काही जळतच नाही असा शीत, असे प्रकार पडतात. मराठीत रॉकेटला जुना शब्द बाण, अठराव्या शतकातल्या लढायांच्या कागदांत तोच येतो आणि दिवाळीत गिरगावातली पोरं बाटलीत उभा करतात तोही बाणच. हे दारूकाम आपल्याकडे मुळात आलं कुठून यावर मतभेद आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी ते साधारण इ.स. १४०० च्या सुमारास चीनकडून आल्याचं मांडलं, आणि पुराणांतल्या अग्निअस्त्रांना रॉकेट समजण्यापेक्षा हे मत जास्त धरण्यासारखं आहे.

घन मोटर सगळ्यात सोपी, कारण इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिजन देणारा पदार्थ, म्हणजे ऑक्सिडायझर, एकाच नळीत ठासलेले असतात आणि पेटली की मध्ये थांबवता येत नाही. छोट्या मोटरमध्ये काळी बंदुकीची दारू असते. मोठ्यांमध्ये अमोनियम परक्लोरेट आणि रबर यांचं मिश्रण, ज्याला कंपोझिट म्हणतात. तिसरा प्रकार साखरेचा, पोटॅशियम नायट्रेट आणि सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक गोड पदार्थ) किंवा साधी साखर, पण मुंबईच्या दमट हवेत सॉर्बिटॉलवाल्या कांडीला पावसाळ्यात गुळाच्या ढेपेसारखा पाझर सुटतो आणि मग ती नीट पेटत नाही. मोटरची ताकद एकूण आवेगाने, म्हणजे रेटा गुणिले तो किती वेळ टिकला याने मोजतात. ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी म्हणजे ५ पर्यंत, पुढच्या प्रत्येक अक्षराला दुप्पट. सी६-५ असं लिहिलं असेल तर वर्ग सी, सरासरी रेटा ६ न्यूटन, आणि जळून झाल्यावर ५ सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकणारा छोटा बार. अमेरिकेत अशा तयार मोटर दुकानात मिळतात, आपल्याकडे सर्रास मिळत नाहीत, आणि घरी बनवायची म्हटली तर १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम आडवे येतात, ज्यांचा परवाना नागपूरला मुख्यालय असलेलं केंद्र सरकारचं स्फोटक खातं बघतं. कांदिवलीच्या गच्चीवर हे करायचंच नाही, यात दोन मतं नाहीत.

हायब्रिडमध्ये इंधन घन, ऑक्सिडायझर द्रव किंवा वायू, दोन्ही वेगवेगळे, म्हणून व्हॉल्व्ह बंद केला की आग थांबते. पहिलं हायब्रिड कुठलं हा वाद मात्र जुना आहे. मॉस्कोजवळ नाखाबिनोला १७ ऑगस्ट १९३३ ला उडालेलं गिर्द-०९ (गिर्द हा कोरोल्योव्ह यांचा सोव्हिएत रॉकेट-गट, रचना तिखोनरावोव्ह यांची) सुमारे ४०० मीटर वर गेलं. त्यात द्रव ऑक्सिजन होता आणि पेट्रोल राळेने घट्ट करून ज्वलनकक्षातच ठेवलं होतं. सोव्हिएत लिखाणात ते देशातलं पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट म्हणून येतं, पाश्चात्त्य लेखक हायब्रिड म्हणतात, आणि काही जण जर्मनीत १९३० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या कोळसा आणि नायट्रस ऑक्साइडच्या चाचण्यांकडे बोट दाखवतात. इंधन टाकीतून येत नव्हतं, कक्षातच बसलं होतं, हे बघता हायब्रिड म्हणणंच बरोबर वाटतं. त्याच नोव्हेंबरात उडालेलं गिर्द-एक्स हे तिथलं खरं द्रव इंधनाचं.

आजची हौशी हायब्रिडं बहुतेक नायट्रस ऑक्साइडवर चालतात, कारण हा वायू स्वतःच्याच दाबाने बाहेर येतो, वेगळा पंप लागत नाही. २० अंशांना त्याचा दाब साधारण ५० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब), ३० अंशांना ६० च्या वर, आणि ३६.४ अंश सेल्सियसच्या पुढे तो द्रव राहतच नाही. हा आकडा मुंबईकराने लक्षात ठेवायलाच हवा, कारण मे महिन्यात उन्हात ठेवलेली टाकी ही हद्द सहज ओलांडते, मग टाकीत वजनाने कमी माल बसतो आणि मोटरचा सगळा हिशेब चुकतो. शिवाय हा वायू स्वतःच फुटू शकतो, २००७ साली कॅलिफोर्नियात मोहावेला मोटर न पेटवता केलेल्या नुसत्या प्रवाह-चाचणीत तिघांचा जीव गेला.

द्रव इंजिनाची सुरुवात अमेरिकन संशोधक रॉबर्ट गॉडर्ड यांच्यापासून, १६ मार्च १९२६, पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजन, उड्डाण अडीच सेकंदांचं, उंची १२ मीटरच्या आसपास. नळ्या, व्हॉल्व्ह, कक्ष थंड ठेवणं, हा सगळा खटाटोप असल्याने हौशी लोकांत ते कमीच. हौशी रॉकेट पहिल्यांदा अवकाशात गेलं ते २००४ साली, तेही घन मोटरवर.

उरला शीत प्रकार, म्हणजे पाण्याचं रॉकेट, आणि मुंबईतल्या मुलांसाठी शिकण्याचा खरा रस्ता हाच. दोन लिटरची सोड्याची प्लॅस्टिकची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप, ५ बार दाब. ऊर्जा हवेत साठते, पाणी फक्त वजन पुरवतं, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, पण नुसती हवा भरून सोडून बघा, बाटली जेमतेम उडते. पाणी सुरुवातीला सेकंदाला ३० मीटरच्या आसपास वेगाने सुटतं (कंपोझिट मोटरचा वायू साधारण २००० मीटरने), पण सेकंदाच्या दहाव्या भागातच संपतं, आणि ढोबळ हिशेबाने हा आवेग डी वर्गाच्या घरात बसतो, म्हणजे दुकानातल्या बऱ्याचशा छोट्या मोटरपेक्षा जास्त. बाटली सोड्याचीच हवी, तळाला पाच पाकळ्या असलेली, साध्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही. उडवायला मोकळं मैदान, पंप मारणारा लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला. प्रत्येक वेळी बाटली उजेडात धरून बघायची, प्लॅस्टिकवर कुठे पांढरी रेघ उमटली असेल तर ती बाद.