शशिकला : सोलापूरच्या रंगमंचापासून दूरचित्रवाणीपर्यंत

४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत निधन झालेल्या ज्येष्ठ अभिनेत्री शशिकला नव्या पिढीला ‘सोनपरी’सारख्या मालिकांमुळे परिचित होत्या. दूरचित्रवाणीवर त्या वयस्क चरित्र भूमिकांत दिसू लागल्या, तेव्हा त्यांच्यामागे अर्धशतकाहून अधिक काळाचा अभिनय उभा होता आणि त्याचा आरंभ सोलापुरात झाला होता, हे सोलापूरकरांनी तरी आवर्जून सांगायला हवे.

शशिकला जवळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात, मराठी कुटुंबात झाला. वयाच्या पाचव्या वर्षापासूनच त्या सोलापूर जिल्ह्यातील गावोगावच्या रंगमंचांवर नाचत, गात आणि अभिनय करत असत. सुस्थितीतील वडिलांचा व्यापार पुढे बुडाला आणि ही गुणी मुलगी चित्रपटांत काम मिळवील या आशेने सारे कुटुंब मुंबईला आले. एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत काम मागत फिरण्याच्या त्या दिवसांत गायिका-अभिनेत्री नूरजहाँ यांची भेट झाली आणि त्यांच्यामुळे ‘झीनत’ (१९४५) या चित्रपटातील कव्वालीत उभे राहण्याची संधी मिळाली. पुढे व्ही. शांताराम यांच्या ‘तीन बत्ती चार रास्ता’मध्येही (१९५३) त्यांना भूमिका मिळाली, मात्र आघाडीची नायिका म्हणून त्यांचा जम बसला नाही.

त्यांची खरी ओळख घडली ती दुय्यम भूमिकांतून. ‘आरती’ (१९६२) मधील मत्सरी जाऊ आणि ‘गुमराह’ (१९६३) मधील धमकावून पैसे उकळणारी स्त्री यांसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. या यशाने त्यांच्यावर खलनायिकेचा शिक्का बसला आणि तो अन्यायकारकच होता, असे मला ठामपणे वाटते. कारण बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ (१९५९) मधील निर्मळ मनाची रमा किंवा ‘अनुपमा’ (१९६६) मधील खेळकर ॲनी पाहणाऱ्याला त्यांच्या अभिनयाचा आवाका सहज कळतो.

मधल्या काळात चित्रसृष्टीपासून दूर जाऊन त्यांनी मदर तेरेसा यांच्या संस्थेत सेवा केली. परतल्यावर त्या प्रौढ स्त्रियांच्या भूमिका करू लागल्या आणि खासगी वाहिन्यांचा विस्तार झाल्यावर मालिकांनाही अशा मुरलेल्या कलावंतांची गरज भासू लागली. घराघरांत रोज चालणाऱ्या कथेत आजी किंवा सासू पहिल्याच प्रसंगात विश्वासार्ह वाटावी लागते, आणि ती जाण शशिकला यांनी वर्षानुवर्षे दुय्यम भूमिका करतानाच कमावली होती. त्यांच्या या प्रदीर्घ कारकिर्दीची दखल घेऊन केंद्र सरकारने २००७ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवले.