स्कॉटलंडचे मठ १५६० मध्येच जप्त झाले होते का?

‘१५६० च्या धर्मसुधारणेत स्कॉटलंडमधील मठांच्या जमिनी तत्काळ जप्त झाल्या,’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. त्या वर्षीच्या संसदेने पोपची सत्ता आणि ‘मास’ ही कॅथलिक उपासना रद्द केली हे खरे. परंतु जमिनींना हात लावला नाही, आणि १५६२ च्या तोडग्यानुसार जुन्या धर्माधिकाऱ्यांकडे दोन-तृतीयांश उत्पन्न कायम राहिले. क्रॉसरॅग्वेलचे मठाधिपती, जे केनेडी या सरदार घराण्यातलेच होते, १५६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदावर होते. पुढे मठ घराण्याबाहेर गेला, तेव्हा १५७० मध्ये याच घराण्यातल्या कॅसिलिसच्या अर्लने नव्या मठप्रमुखाला डन्यूर किल्ल्यात आगीवर भाजून जमिनीच्या कागदांवर सही घेतली. जमीन आधीच जप्त असती, तर या अमानुष सहीला अर्थच उरला नसता. त्या मठप्रमुखाची तक्रार राजाच्या सल्लागार मंडळाच्या छापील नोंदींत पडताळता येते.