नाशिक आणि पंधरा ऑगस्ट : अभिमानाबरोबर आलेल्या प्रश्नांची पार्श्वभूमी

२६ जानेवारी १९३० ला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचली गेली. लाहोर काँग्रेसच्या ठरावानंतर हाच आपला स्वातंत्र्यदिन ठरला आणि पुढची सतरा वर्षे तो तसाच पाळला गेला. पंधरा ऑगस्ट फार नंतर आला. त्या पहिल्या स्वातंत्र्यदिनाला पाच आठवडे झाले आणि २ मार्चला नाशिकमध्ये, पंचवटीतल्या काळाराम मंदिराचे चारही दरवाजे आतून बंद झाले. बाहेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष दर्शनाचा हक्क मागत उभे होते. आणखी दहा दिवसांनी गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले.

शाळेत या तीन तारखा तीन वेगळ्या धड्यांत येतात, म्हणून त्या एकाच हिवाळ्याच्या सरतीच्या आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही. एका बाजूला इंग्रजांकडे देश मागणे सुरू होते, दुसऱ्या बाजूला आपल्याच माणसांकडे देवळाची पायरी मागणे सुरू होते. दोन्हीकडे लोक लाठ्या खायला तयार होते.

पंधरा ऑगस्ट जवळ आला की नाशकातही दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, निदान आजच्या दिवशी तरी तक्रारी नकोत. दुसरा विचारतो, स्वातंत्र्य नेमके कोणाचे? पहिल्याला दुसरा देशाचा वैरी वाटतो आणि दुसऱ्याला पहिला भाबडा. हे भांडण मोबाइलने आणले असा अनेकांचा समज आहे. माझे म्हणणे असे की हा प्रश्न स्वातंत्र्याच्या मागणीइतकाच जुना आहे आणि तो ज्यांनी विचारला त्यांचा या देशावर दावा होता, म्हणूनच त्यांनी विचारला. नाशिक जिल्ह्यात याचे पुरावे पावलोपावली सापडतात.

अभिमानाच्या जागा आधी सांगायला हव्यात, कारण त्या खऱ्या आहेत. १८५७ मध्ये सिन्नरच्या बाजूला भागोजी नाईकाने भिल्लांना घेऊन बंड केले. नांदूर शिंगोट्याजवळच्या चकमकीत हेन्री नावाचा पोलिस अधिकारी पडला आणि भागोजी स्वतः १८५९ मध्ये लढताना मारला गेला. पेठच्या राजाला त्याच धामधुमीत फाशी झाली. पुढे भगूरच्या सावरकर बंधूंनी नाशकात मित्रमेळा उभा केला, त्यातून अभिनव भारत निघाली. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात, बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाच्या नाट्यप्रयोगाला, अनंत कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचा होता. गोल्फ क्लब मैदानाला आज त्याचे नाव आहे.

मारला गेलेला जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता. लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याच्या हत्येबद्दल तेव्हाही लोकांत एकमत नव्हते आणि आजही नाही. अठराव्या वर्षी फाशी जाणाऱ्या मुलाच्या धैर्यापुढे मान झुकते, आणि नाटक पाहायला आलेल्या माणसाला गोळी घालणे मनाला लागतेही. मला या दोन्ही गोष्टी एकदम वाटतात आणि त्यातली एकही मला लपवावीशी वाटत नाही.

आता पुन्हा काळाराम. सत्याग्रहाचे प्रत्यक्ष काम दादासाहेब गायकवाडांनी सांभाळले. ९ एप्रिल १९३० ला, रामनवमीच्या उत्सवातल्या रथयात्रेत, रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. लढा १९३४ पर्यंत चालला आणि देऊळ उघडले नाही. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले की लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात बळ यावे यासाठी होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले.

या दोन घटनांच्या आधी एक भेट झाली होती. ती नाशकात झाली नाही, पण नाशिकचा सत्याग्रह समजायला ती लागते. १४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत मणिभवनात आंबेडकर गांधीजींना भेटले. काळारामचे दरवाजे तेव्हाही बंदच होते. मला मायभूमी नाही, असे ते गांधीजींना म्हणाले. जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागवतात, प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला मी माझी कशी म्हणू? गांधीजींचे उत्तर होते की तुम्हाला मायभूमी आहे, आणि गोलमेज परिषदेतले तुमचे काम पाहता तुम्ही अस्सल देशभक्त आहात. बरोबर सोळा वर्षांनी, १४ ऑगस्टच्याच रात्री, दिल्लीत घटना समितीची ती मध्यरात्रीची बैठक भरली आणि मायभूमी नसलेला हा माणूस नव्या देशाचा पहिला कायदामंत्री झाला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतींच्या आयुष्यात पाऊल टाकतो आहोत : राजकारणात समता, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. हे सांगणारा बाहेरचा टीकाकार नव्हता. राज्यघटना त्याने आपल्या हाताने घडवली होती.

साने गुरुजी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात होते. आईच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक तिथेच लिहून झाले. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेले असताना, मे १९४७ मध्ये, त्यांनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. इंग्रज जाणार हे तोवर ठरलेच होते. तरीही गुरुजींना प्राण पणाला लावावेसे वाटले ते आपल्या लोकांसमोर.

प्रत्यक्ष १५ ऑगस्ट १९४७ चा दिवस सगळ्यांना सारखा उजाडला नाही. गांधीजी कलकत्त्यात बेलियाघाटातल्या एका घरात उपास आणि सूतकताई करत होते. पेरियारांनी तमिळ मुलखात हा दुखवट्याचा दिवस मानला. सावरकरांनी मुंबईत घरावर भगवा आणि तिरंगा असे दोन्ही झेंडे लावले. आणि १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी ‘ये आझादी झूठी है’ अशी घोषणा दिली. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेला तर स्वातंत्र्याची हद्दच आखलेली होती. येवला, नांदगाव स्वतंत्र भारतात. शेजारचे वैजापूर निजामाच्या राज्यात. सोयरिकी दोन्हीकडे, बाजारहाट दोन्हीकडे, पण पलीकडे तिरंगा लावणे गुन्हा. तिथे स्वातंत्र्य आले १७ सप्टेंबर १९४८ ला, एक वर्ष, एक महिना आणि दोन दिवसांनी. मराठवाड्यातून नाशकात आलेल्या घरांमध्ये मुक्तिसंग्राम दिनाला आजही वेगळे वजन असते.

देवळालीची कथा आणखी निराळी. लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जागा दिली गेली. गावात दिवे लागले तोच ऑगस्ट या कुटुंबांच्या आठवणीत घर सुटल्याचा ऑगस्ट आहे. त्यांनी इथे दुकाने काढली, मुले शिकवली, मराठी शिकले. त्यांच्यापैकी एखाद्या वृद्धाला पंधरा ऑगस्टला बोलावेसे वाटले नाही, तर त्यात देशाचा अपमान शोधणे निर्दयपणाचे होईल.

नाशिकरोडच्या छापखान्याबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. स्वतंत्र भारताचे पहिले टपाल तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघाले : साडेतीन आण्यांचे, त्यावर फडकता तिरंगा आणि ‘जय हिंद’. ते नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले. पण त्याच सुमारास नाशिकमध्ये आणखी एक छपाई होत होती. पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. जून १९४८ अखेरपर्यंत ते काम रिझर्व्ह बँकच पाहत होती. म्हणून सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या भारतीय नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ या अर्थाची इंग्रजी व उर्दू अक्षरे छापून त्या तिकडे धाडल्या गेल्या. फाळणीचे रक्त वाळले नव्हते, काश्मीरमध्ये युद्ध सुरू होते, आणि नाशिकरोडचे कामगार दोन्ही देशांचा पैसा छापत होते. स्वतःच्या नोटेवरून राजा हलवायलाही भारताला १९४९ उजाडले. अशोकस्तंभाची एक रुपयाची नोट तेव्हा आली. आणि १५ ऑगस्ट १९४८ ला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, गांधीजींची जी तिकिटे काढली ती स्वित्झर्लंडमध्ये छापून आणावी लागली. ज्या माणसाने परदेशी कापडाची होळी केली, त्याचे चित्र परदेशातून छापून आले. यात कोणाचा दोष नव्हता. तशी छपाई तेव्हा इथे होत नव्हती. स्वातंत्र्य एका रात्रीत पूर्ण होत नाही याचा इतका साधा पुरावा दुसरा मला माहीत नाही.

मालेगावविषयी नाशकातले लोक बोलतात तेव्हा आवाज बदलतो, आणि हे मला दर वर्षी खटकते. १८१८ मध्ये पेशवाई कोसळत असतानाही मालेगावच्या किल्ल्यातल्या अरब शिबंदीने जवळजवळ महिनाभर इंग्रजांना दाद दिली नाही. १८५७ नंतर उत्तरेतून परागंदा झालेले विणकर इथे येऊन मागावर बसले. १९२१ मध्ये खिलाफत-असहकाराच्या लाटेत शहरात दंगल उसळली. एक फौजदार मारला गेला, देऊळ जळाले. गांधीजींनी त्या हिंसेचा निषेध केला. पुढच्या वर्षी येरवड्यात काही मालेगावकरांना फाशी झाली आणि शहराने त्यांचे स्मारक उभारले. जॅक्सन प्रकरणासारखीच ही गोष्टही एकाच रंगाची नाही. फरक इतकाच की कान्हेरेचे नाव नाशकातल्या पोराटोरांना ठाऊक असते, मालेगावच्या फाशी गेलेल्यांचे नसते. त्याच मालेगावातले २००६ च्या बॉम्बस्फोटात पकडलेले मुस्लिम तरुण पाच वर्षे तुरुंगात राहिले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. ज्या वस्तीला दर ऑगस्टमध्ये झेंडा लावल्याचा पुरावा मागितला जातो, तिला झेंडा लावताना आनंद आणि धास्ती एकदम वाटत असेल, तर तो दोष मागणाऱ्याचा आहे.

१८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना देशभर मुक्ती मिळाली ती ३१ ऑगस्ट १९५२ ला. विमुक्त दिन तो. त्यांच्या पंचांगात ऑगस्टमधला मोठा दिवस पंधरा नाही, एकतीस.

या सगळ्याला मराठीत उघड शब्द मिळाला १९७२ मध्ये. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ‘साधना’ साप्ताहिकाने १५ ऑगस्टचा विशेषांक काढला. ‘साधना’ म्हणजे साने गुरुजींनीच १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेले पत्र; संपादक होते मूळचे येवल्याचे यदुनाथ थत्ते. त्या अंकात दलित पँथरचे नेते राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला होणारा किरकोळ दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अवमानाची शिक्षा त्यांनी शेजारी ठेवली आणि ध्वजाबद्दल अतिशय कडवट भाषा वापरली. महाराष्ट्र हादरला, ‘साधना’ कार्यालयावर मोर्चा आला. ती भाषा अनेकांना सोसली नाही. मलाही ती वाचताना त्रास होतो. पण गदारोळ झाला तो भाषेवर, दंडाच्या रकमेवर झाला नाही, आणि ढाले यांचे म्हणणे तेच होते.

पंचवीस वर्षांनी तोच सूर नाशकातल्या सर्वांत आदरणीय घरातून उमटला. कुसुमाग्रज तरुणपणी काळाराम सत्याग्रहात सहभागी झाले होते. १९४२ च्या ‘विशाखा’तल्या त्यांच्या क्रांतिगीताने एक पिढी पेटली. सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, वयाच्या पंच्याऐंशीच्या घरात, त्यांनी ‘स्वातंत्र्यदेवीची विनवणी’ लिहिली. तिच्यात स्वातंत्र्यदेवता पन्नाशीला आली आहे आणि मला नुसते अभिवादन करू नका असे लोकांना सांगते आहे. ढाले यांना देशद्रोही म्हणणाऱ्यांपैकी कोणी कुसुमाग्रजांना तसे म्हटले नाही. ही कविता आज शाळाशाळांच्या कार्यक्रमांत म्हटली जाते.

झेंडा घरावर येण्याचा इतिहास मात्र अगदी अलीकडचा आहे. सामान्य नागरिकाला वर्षभर तिरंगा फडकवायची मुभा २००२ च्या ध्वजसंहितेने दिली. तो मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावरच्या पॉलिस्टर झेंड्यालाही परवानगी मिळाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ आले. आपल्या आजी-आजोबांनी शाळेत झेंडावंदन केले, प्रभातफेऱ्या काढल्या, पण घरावर वर्षभर झेंडा लावला नाही, कारण तशी मोकळीकच नव्हती. म्हणून घरावर झेंडा नसणे हे देशप्रेमाचे माप धरणे इतिहासाला धरून नाही. राष्ट्रगीत न गाता आदराने उभे राहणाऱ्या केरळमधल्या मुलांना शाळेतून काढता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्येच सांगून ठेवले आहे.

पेठ, सुरगाणा, दिंडोरी, त्र्यंबक या पट्ट्यात हाच प्रश्न जमिनीच्या भाषेत विचारला जातो. इंग्रजांचा १९२७ चा वनकायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा आदिवासी स्वतंत्र देशातही कागदावर अतिक्रमण करणाराच राहिला. वनहक्क कायदा आला २००६ मध्ये, आणि दावे फायलींत पडून राहिले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईपर्यंत चालत गेले, तळपायांची सालटी निघाली. आश्वासने मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये, घरोघरी झेंडे लागून चार महिने होत नाहीत तोच, सुरगाण्याच्या सीमेवरची गावे म्हणू लागली की रस्ता, पाणी, दवाखाना मिळत नसेल तर आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून मोर्चा पुन्हा निघाला आणि वाशिंदला थांबला. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही मागणी त्या मोर्चाच्या यादीतही होतीच.