कस्तुरीचं वलय आणि 5 नॅनोमीटरचं छिद्र

कस्तुरीने वशीकरण होतं, धनलाभ होतो अशा जाहिराती अजूनही फिरतात. त्यात काडीचंही तथ्य नाही, आणि त्यापायी मृग मात्र मारले जातात. गंध येतो तो मस्कोनमुळे, म्हणजे 15 कार्बन अणूंच्या वलयामुळे. 1926 साली रसायनशास्त्रज्ञ लिओपोल्ड रुझिच्कांनी ही रचना मांडली, तोवर एवढं मोठं वलय टिकणारच नाही असा समज होता. ते उत्तम टिकतं. कठीण आहे ते साखळीची टोकं जुळवून बंद करणं.

लांब साखळीच्या दोन्ही टोकांना दुहेरी बंध असले, की रुथेनियम धातूचा उत्प्रेरक ती टोकं जोडतो आणि एथिलीन वायू बाहेर पडतो. ही मेटाथेसिस, 2005च्या नोबेलची. पण आपल्याच दुसऱ्या टोकाआधी शेजारच्या रेणूचं टोक भेटलं, तर वलयाऐवजी माळ वाढत जाते. वलय होण्याचा वेग संहतीच्या, म्हणजे द्रावणातल्या रेणूंच्या दाटीच्या, प्रमाणात वाढतो, माळेचा संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून द्रावण पातळ ठेवतात: लिटरला 5 मिलिमोल धरले तर 1 मोल साखळीला 200 लिटर द्रावक, आणि हाती येणार जेमतेम पाव किलो वलय!

श्टुटगार्टच्या संशोधकांनी उत्प्रेरकच एसबीए-15 या सच्छिद्र सिलिकाच्या छिद्रांत बसवला. अरुंद छिद्रात साखळीला ताठ पसरायला आणि माळेला वाढायला जागा कमी, त्यामुळे टोकाला टोक सापडतं. 5 नॅनोमीटरचं छिद्र त्याहून रुंद छिद्रांपेक्षा सरस ठरलं. फार अरुंद केलं तर मात्र रेणूंची ये-जाच मंदावते.

खरी मेख उत्प्रेरक आतच बसवण्यात आहे. पी-123 हे पॉलिमर 4 ग्रॅम, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, त्यात 8.5 ग्रॅम टीईओएस, म्हणजे ज्यापासून सिलिका बनते ते द्रव, घालतात. 35 अंशांवर 20 तास ढवळून 80 अंशांवर रात्रभर ठेवतात. पॉलिमरच्या नळकांड्यांभोवती सिलिका जमते. एरवी हे पॉलिमर 500 अंशांवर जाळून टाकतात. इथे ते आतच राहू द्यायचं आणि दाण्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट सिलेन या सिलिकॉनच्या संयुगाने झाकायचे. मग पॉलिमर गरम इथेनॉलने धुऊन काढायचं. जाळलं तर सिलेनचं आवरणही जळतं. आता मोकळे हायड्रॉक्सिल उरले फक्त छिद्रांत, तिथेच उत्प्रेरक बांधला जातो. झाकण अर्धवट राहिलं, तर बाहेर बसलेला उत्प्रेरक बिनदिक्कत माळा ओवतो.

रुथेनियम बिघडला तर दुहेरी बंध सरकतो आणि 15 ऐवजी 14 अणूंचं वलय मिळतं. थोडं बेंझोक्विनोन हे संयुग घातलं की हे आटोक्यात येतं. शिवाय अभिक्रिया अर्ध्यावर असताना द्रव गरम असतानाच गाळून पाहावा. गाळलेल्या द्रवातही ती चालू राहिली, तर धातू भिंतीवरून सुटला आहे आणि छिद्राचा उपयोग संपला आहे.