बीड ते परभणी, समुद्राचा एक चौकोन

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. तरी रोहिण्या लागल्या की पारावर एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस बिघडवण्याचा, विषय निघतोच.

हा धागा जुना आहे. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज शोधत होते. त्या शोधात त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला. या झोक्याचं दुसरं टोक समुद्राच्या तापण्यात आहे, हे याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेत कर्क ब्रायन यांनी साऱ्या समुद्रांचं गणित संगणकावर मांडायची रीत प्रसिद्ध केली. तीन वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ पडला. तेव्हाही एल निनो होता, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आठवते ती सुकडी आणि दुष्काळी कामावर फोडलेली खडी.

ब्रायन यांची रीत अशी: समुद्राचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात तापमान, क्षार, प्रवाह यांचा एकेक आकडा धरायचा. एक अंशाचा चौकोन म्हणजे साधारण ११० किमी, सरळ रेषेत बीड ते परभणी. मधल्या माजलगावात नि पाथरीत काय चाललंय, त्याला पत्ता नाही. इथं तर बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे फुफाटा असतो! समुद्राचंही तसंच निघालं. १९७० ची सोव्हिएत मोहीम आणि १९७३ ची अमेरिकी-ब्रिटिश मोहीम यांनी अटलांटिकमध्ये महिनोन् महिने फिरणारे भोवरे मोजले. समुद्राच्या हालचालीतली बहुतेक ऊर्जा अशा भोवऱ्यांत असते, आणि मोठ्या भोकांच्या चाळणीतून ज्वारी गळावी तसे ते मोठ्या चौकोनांतून गळून जातात.

मग चौकोन लहान का करत नाहीत? बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पेही दुप्पट. म्हणजे हिशोब आठपट. १९८८ च्या सुमारास सेम्टनर आणि चर्विन यांनी अर्ध्या अंशावर जगाचा समुद्र चालवून दाखवला. आज काही केंद्रं अंशाच्या बाराव्या भागावर, सुमारे ९ किमीवर, रोजचा अंदाज काढतात.

नुसते चौकोन बारीक करून भागत नाही, त्यांत भरायला मोजमाप लागतं. १९९२ पासून टोपेक्स-पोसायडन उपग्रह समुद्राची उंची मोजू लागला. पुढे आर्गोचे तरंगक आले. ते दोन हजार मीटर खोल जातात आणि दर दहा दिवसांनी वर येऊन माहिती पाठवतात. २००७ पर्यंत ते तीन हजार झाले. भारताचं हे काम १९९९ मध्ये स्थापन झालेली हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था पाहते. (हैदराबादशी आपलं जुनंच नातं.)

२०१२ च्या मान्सून मिशनमध्ये, म्हणजे पावसाचा अंदाज सुधारायच्या सरकारी योजनेत, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं हवा-समुद्राचं गणित संगणकावर मांडणारं जे अमेरिकी मॉडेल घेतलं, त्यातला समुद्राचा भाग ब्रायन यांच्याच वंशावळीतला. विषुववृत्ताजवळ त्याचे चौकोन पाव अंशाचे, इतरत्र अर्ध्या अंशाचे.

नुसत्या प्रशांतवर डोळा ठेवून मात्र चालत नाही. १९९७ मध्ये जबर एल निनो असूनही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला, कारण हिंदी महासागरानं आपल्या बाजूनं जोर लावला होता. त्या महासागराचं एक टोक तापतं नि दुसरं थंड होतं, त्याला द्विध्रुव म्हणतात; ही गोष्ट १९९९ मध्ये उलगडली. २०१५ मध्ये पुन्हा एल निनो आला. तेव्हा देशात १४ टक्के तूट पडली आणि पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं.