डेल हॉलोचा हिवाळी बास: धरण, थंड पाणी आणि एका विक्रमाची कथा

जानेवारी लागला की अमेरिकेत बास नावाचा मासा गरवणारे बरेच जण होडीवर ताडपत्री टाकून घरी बसतात. डेल हॉलो जलाशयावर मात्र याच दिवसांत लांबलांबून माणसं येतात. टेनेसी आणि केंटकी या राज्यांच्या सीमेवर ओबी नदी अडवून झालेलं हे पाणी आहे. जगातला सर्वांत मोठा स्मॉलमाउथ बास इथे मिळाला, एवढं गरवणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. पण तो मासा मिळाला जुलैत, आणि इथला त्याच्या खालोखालचा नामांकित मासा एप्रिलमध्ये. तरीही मोठ्या माशाचा हंगाम म्हणून इथे नाव झालं ते हिवाळ्याचं. हे कसं घडलं हे समजायला आधी धरणाकडे जावं लागतं, कारण हा जलाशय बांधताना माशांचा विचार कुणाच्या मनात नव्हता.

स्मॉलमाउथ हा मुळात वाहत्या पाण्यातला मासा. अंगाचा रंग काशासारखा, त्यावर गडद उभे पट्टे, डोळे लालसर. त्याच्या भावकीतल्या लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, याचा जात नाही. गाळ त्याला मानवत नाही. दगडगोटे, खडकाळ तळ आणि स्वच्छ, गार पाणी त्याला हवं असतं. १८०२ मध्ये लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली. कंबरलँड आणि टेनेसी या नद्यांची खोरी म्हणजे त्याच्या मूळ मुलखाचा दक्षिणेकडचा भाग. तिथल्या लहान नद्यांत किलोभराचा मासा मिळाला तरी माणूस दिवसभर खुशीत असतो. पाच पौंडांच्या, म्हणजे सव्वादोन किलोंच्या पुढचा मासा आयुष्यभर लक्षात राहतो.

ओबी ही कंबरलँडची उपनदी. टेनेसीतल्या सेलायना गावाजवळ ती कंबरलँडला मिळते, आणि त्या संगमाच्या थोडं वर हे धरण आहे. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, काम सुरू केलं आणि १९४३ मध्ये पाणी अडवलं. हेतू पूरनियंत्रण आणि वीज हे होते. वीज प्रत्यक्षात १९४८ पासून मिळू लागली. धरणाची उंची २०० फूट. जलाशय भरला की २७,७०० एकरांवर पाणी पसरतं. या पाण्याखाली शेतं गेली, घरं गेली, विलो ग्रोव्ह नावाचं गाव गेलं. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं इथलं गाव वर येत नाही. तिथल्या शाळेचा पाया बघायचा तर पाणबुड्याचा पोशाख घालून खाली उतरावं लागतं. या जलाशयाचं कौतुक करताना विलो ग्रोव्हचं नाव घेतलं गेलंच पाहिजे, असं मला वाटतं. ज्या खडकांवर आज मासा राहतो, ते कुणाच्या तरी गावच्या टेकड्यांचे आहेत.

धरणाने नदीचं केलं काय, याची दोन उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. भिंतीच्या खालच्या अंगाला जलाशयाच्या तळचं गारठलेलं पाणी वर्षभर सुटू लागलं. उन्हाळ्यातही ते तापत नाही. त्यामुळे नदीच्या त्या तुकड्यात पूर्वीच्या माशांना जगणं कठीण झालं. ती भरपाई म्हणून १९६५ मध्ये धरणाखाली केंद्र सरकारचं मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं. तिथे ट्राउट वाढवून नद्यांत सोडतात. म्हणजे स्मॉलमाउथची हक्काची नदी गेली, तिथे थंड पाण्याचा पाहुणा आणून बसवला.

भिंतीच्या वर मात्र उलट झालं. टेकड्यांमधल्या अरुंद घळी भरल्या आणि खोल, स्वच्छ, खडकाळ उतारांचं पाणी तयार झालं. चुनखडीचे कडे सरळ पाण्यात उतरतात; काठापासून होडीच्या लांबीइतकं आत गेलं तरी खाली पंचवीस-तीस फूट पाणी. स्मॉलमाउथला प्रवाह नसला तरी चालतं, पण दगड, गारवा आणि खायला भरपूर लहान मासे लागतात. ते सगळं इथे होतं. नदीत त्याला प्रवाहाशी झगडत किडे आणि खेकडे खाऊन वाढावं लागे. इथे खोल पाण्यात शॅडसारख्या चंदेरी माशांचे थवे आयते मिळू लागले.

दक्षिणेला टेनेसी नदीवर असंच काही वेगळ्या वाटेने घडलं. अलाबामात मसल शोल्स नावाचा उथळ, खळाळता, खडकाळ पट्टा होता. तो स्मॉलमाउथचा जुना मुलूख. विल्सन धरणाचं काम १९१८ मध्ये सुरू झालं आणि १९२४ मध्ये संपलं. १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाल्यावर १९३६ मध्ये व्हीलर आणि १९३८ मध्ये पिकविक ही धरणं आली. खळाळ बुडाला, पण ही लांबट जलाशयांची साखळी पूर्णपणे स्थिर झाली नाही. वीजनिर्मितीसाठी जनित्रं चालू झाली की प्रत्येक धरणाखाली नदी पुन्हा धावू लागते, आणि त्या धावत्या पाण्यात बास खायला येतो. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये व्हीलर धरणाखाली १० पौंड ८ औंसांचा स्मॉलमाउथ मिळाला, तो अलाबामाचा राज्यविक्रम. तिथला गरवणारा आजही हवामानाइतकंच वीजनिर्मितीचं वेळापत्रक बघून घराबाहेर पडतो. डेल हॉलोवर ते बघावं लागत नाही. तिथे बघायचं ते पाण्याचं तापमान.

मग आलं १९५५. ९ जुलैला केंटकीचे डेव्हिड हेज डेल हॉलोवर चालत्या होडीमागे बॉम्बर नावाचं लाकडी आमिष ओढत होते. त्याला लागलेला मासा ११ पौंड १५ औंस, म्हणजे सुमारे ५.४ किलो भरला. लांबी २७ इंच. त्याच ऑगस्टमध्ये धक्क्यावरच्या एका कामगाराने प्रतिज्ञापत्र दिलं की वजनाआधी आपण माशात सुमारे तीन पौंडांचं लोखंड कोंबलं होतं. तो कागद कितीतरी वर्षं फायलीतच पडून राहिला. १९९६ मध्ये तो बाहेर आला आणि हेज यांचा विक्रम काढून घेतला गेला. जॉन गॉर्मन यांनी १९६९ च्या एप्रिलमध्ये इथेच धरलेला १० पौंड १४ औंसांचा मासा पहिल्या नंबरावर आला. पुढे कागदपत्रं आणि मोजमापं पुन्हा तपासली गेली. २०२५ ला ज्या निर्णयाला वीस वर्षं झाली, त्या निर्णयाने टेनेसी राज्याने आणि फ्रेश वॉटर फिशिंग हॉल ऑफ फेमने हेज यांची नोंद पुन्हा मान्य केली. त्यानंतर आयजीएफए या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही ती परत दिली. चाळीस वर्षांनी एका कागदावरून माणसाच्या हातून विक्रम काढून घेणं मला घाईचं वाटतं. पण एक लक्षात घ्यावं: वाद चालू असताना पहिल्या नंबरावर कोण, हे बदललं, जलाशय बदलला नाही. दोन्ही मासे डेल हॉलोचेच.

या बातम्यांनी माणसं आली. पण मोठा मासा ठरवून कसा धरायचा, ते त्यांना माहीत नव्हतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि त्याखाली थंड पाण्याचा थर वेगळा पडतो. इतक्या स्वच्छ पाण्यात थोराड मासा दिवसा खोल दडतो. म्हणून टेनेसीत उन्हाळ्यात रात्री गरवण्याची रीत पडली. शरद संपताना वरचं पाणी गार होऊन खाली जातं, थर मोडतात आणि जलाशय वरपासून खालपर्यंत सारखा होतो. आता मासा ठरावीक कड्यांजवळ गोळा होतो, मधल्या पाण्यात तरंगत राहतो. माद्यांच्या पोटात वसंतातल्या विणीची अंडी भरत असल्याने त्या वजनदारही असतात. अडचण एकच: रक्त गार, चयापचय मंद. भरधाव जाणाऱ्या आमिषामागे तो धावत नाही.

सेलायनाचे बिली वेस्टमोरलंड यांनी हे ओळखलं. स्पर्धांमधून आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमातून देशभर माहीत झालेला हा माणूस हिवाळ्यात जाड दोरी आणि मोठी आमिषं बाजूला ठेवून बारीक तंगूस, हलकी काठी आणि केसांचं लहानसं जिग घेऊन बसे. शिशाच्या गोळीला गळ, गळावर थोडे केस, एवढंच ते. तो दगडी उतारावरून सावकाश खाली सोडायचा. हिवाळी स्मॉलमाउथची ओळख अशा माणसांनी घडवली.

त्यानंतरचं पाऊल पूर्व टेनेसीच्या डोंगरी जलाशयांवर पडलं, आणि १९९० च्या दशकात ते डेल हॉलोवर रुजलं. त्या पद्धतीला फ्लोट अँड फ्लाय म्हणतात. तिच्या मुळाशी थ्रेडफिन शॅड हा लहान मासा आहे. तो उष्ण मुलखातला. पाणी सात-आठ अंशांच्या खाली गेलं की तो गळाठतो, थरथरत, एका अंगावर कलत बुडू लागतो आणि पुष्कळ मरतात. बासला धावायची गरज उरत नाही; समोर येईल ते टिपायचं. या बुडत्या शॅडची नक्कल म्हणजे फ्लाय: दीड-दोन ग्रॅमचं जिग, केस किंवा पिसांनी बांधलेलं. त्याच्या वर आठ ते बारा फुटांवर छोटा बोया. इतकी लांब दोरी लोंबकळत ठेवून फेकायची, म्हणून काठी आठ-नऊ फुटांची लागते.

फेकल्यावर जवळजवळ काहीच करायचं नसतं. वाऱ्याने लाटा उठल्या की बोया हलतो आणि फ्लाय खाली त्याच खोलीवर थरथरत राहतो. वारा पडला तर काठीचं टोक हलकेच कापवायचं. मासा लागल्याची खूण नवख्याला फसवते. बोया बुडेल म्हणून तो वाट पाहत बसतो. पण बास अनेकदा खालून येऊन फ्लाय तोंडात घेऊन वर उचलतो. दोरीवरचं वजन जातं आणि उभा असलेला बोया आडवा पडतो. तो आडवा झाला की काठी उचलायची, ओढायची नाही, कारण तंगूस चार-सहा पौंडांचाच असतो. यानंतर कित्येक मिनिटं लागतात. हातात ताकद असून उपयोग नसतो. दोरी देत राहावी लागते.

पद्धत चालली तशी गर्दीही वाढली. थंडीत ठरलेल्या कड्यांवर गोळा झालेले मोठे मासे सहज सापडू लागले, तर ते संपायलाही वेळ लागत नाही. म्हणून आता डेल हॉलोवर १६ ते २१ इंच लांबीचा स्मॉलमाउथ ठेवता येत नाही, तो लगेच पाण्यात परत सोडावा लागतो. दिवसाला दोनच ठेवता येतात: एक १६ इंचांहून लहान आणि एक २१ इंचांहून मोठा. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो, कारण मधल्या वयाचे, विणीत उतरणारे मासे त्यात सांभाळले जातात. त्याबरोबर गरवणाऱ्याने स्वतःहून पाळायचं एक पथ्यही आहे. फार खोलातून झटकन वर काढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर तो खाली जाऊ शकत नाही. बोयाखालचा फ्लाय मधल्या पाण्यात राहतो, त्यामुळे ही इजा तिथे कमी होते.

दहा पौंडांचा मासा आता फक्त दक्षिणेतच मिळतो असंही राहिलेलं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ईरी सरोवराच्या कॅनडाकडच्या पाण्यात १०.१५ पौंडांचा स्मॉलमाउथ मिळाला. ग्रेट लेक्समधून दहा पौंडांच्या पुढचा मासा नोंदला गेल्याची ही पहिलीच वेळ. तोही थंडी उतरत असताना, पोट भरून घेणारा मासा होता. हेज यांच्या माशापेक्षा तो पावणेदोन पौंडांहून जास्त हलका, त्यामुळे जागतिक विक्रम अजून डेल हॉलोकडेच आहे.